बडोद्याच्या बाजारातली ‘बुद्धी वाढवणारी’ खेळणी: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

मंगळबाजारातली हातगाडी असो, रावपुऱ्यातलं जुनं दुकान असो की अलकापुरीतलं एसी शोरूम, हल्ली खेळण्याच्या खोक्यावर ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ छापलेलं नसेल तर ते खपतच नाही, असं वाटावं. साध्या खुळखुळ्याच्या पाकिटावरही मेंदूचं चित्र असतं. बडोद्यात सहज मिळणाऱ्या, ० ते ६ वयाच्या मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या खेळण्यांचं हे परीक्षण आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण एकाच साच्यातला माल चार वेगळ्या नावांनी विकला जातो.

कसोटी एकच लावली आहे: खेळणं घरात आल्यावर घरातली माणसं मुलाशी जास्त बोलू लागतात की कमी? मूल बोट दाखवतं, काहीतरी पुटपुटतं. समोरचं माणूस त्याला धरून उत्तर देतं. मग मूल पुन्हा काहीतरी करतं. भाषा आणि विचार यांची मुळं या देवाणघेवाणीत असतात. २०१८ साली अमेरिकेत ४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या घरचं बोलणं रेकॉर्ड करून ते मेंदूच्या स्कॅनशी ताडून पाहिलं गेलं. मुलानं एकूण किती शब्द ऐकले, त्यापेक्षा बोलणं किती वेळा इकडून तिकडे झालं, याचं नातं मेंदूच्या भाषेच्या भागाशी जास्त घट्ट निघालं.

हे घरी मोजता येतं. टीव्ही बंद करायचा (नुसता चालू असलेला टीव्हीही मुलाच्या खेळात व्यत्यय आणतो आणि मोठ्यांचं बोलणं कमी करतो), फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो कपाटावर ठेवायचा आणि नेहमीसारखं १० मिनिटं खेळायचं. पहिली २ मिनिटं सोडून द्यायची, कारण तेवढा वेळ सगळे फोनला ऐकू जावं म्हणून बोलतात. उरलेल्या ८ मिनिटांत मुलाच्या बोलण्याला ५ सेकंदांच्या आत उत्तर आलं की एक फेरी धरायची. मोठ्यानं विचारलं आणि मुलानं उत्तर दिलं, तरीही एक फेरी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मूल जेवलेलं आणि झोप झालेलं असताना, दुसरं खेळणं घेऊन हेच करायचं. शेजारच्या मुलाशी तुलना करायची नाही. तुलना खेळण्याखेळण्यात करायची.

आता सर्वांत जास्त खपणाऱ्या वस्तूकडे, म्हणजे ‘लर्निंग लॅपटॉप’कडे. साधारण ३०० ते ७०० रुपयांत मिळतो. झाकण उघडलं की पडदा दिसतो. स्वस्त मॉडेलमध्ये तो छापील कागद असतो आणि मागे एक दिवा. खाली २६ अक्षरांची बटणं, आकडे, आणि शिका-प्रश्न-गाणी अशी तीन कामं. आत बहुधा ३ पेन्सिल सेल. बटण दाबलं की परदेशी उच्चारात ‘ए, अ‍ॅपल’ आणि मागून ढँगढँग संगीत. प्रश्नाच्या कामात ‘बी कुठे आहे?’ असं यंत्र इंग्रजीत विचारतं. मूल चार बटणं एकदम दाबतं, त्यातलं एखादं बरोबर निघतं आणि टाळ्या वाजतात. बी कुठला ते मुलाला कळलेलं नसतं, टाळ्या कशा वाजवायच्या ते कळलेलं असतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. यंत्र बोलतं तेव्हा घरचे गप्प होतात. ही आपली समजूत नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. १० ते १६ महिन्यांची मुलं आणि त्यांचे आईवडील अशा २६ जोड्यांना संशोधक अ‍ॅना सोसा यांनी तीन प्रकारची खेळणी दिली: बोलणारी इलेक्ट्रॉनिक (त्यात असाच एक बाळ-लॅपटॉप होता), साधी लाकडी-रबरी, आणि पुस्तकं. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांपाशी मोठी माणसं मिनिटाला सुमारे ४० शब्द बोलली, साध्या खेळण्यांपाशी ५६, पुस्तकांपाशी ६७. मुलांचं स्वतःचं बोलणंही इलेक्ट्रॉनिक खेळण्यांपाशी पुस्तकांपेक्षा कमी झालं. दांडिया बाजारातल्या वाड्यात आजी, काकू, समोरच्या काकी असा दिवसभर बोलणाऱ्या माणसांचा राबता असेल तर एका लॅपटॉपानं फारसं बिघडणार नाही. गोत्री-मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये दुपारी मूल आणि एकच मोठं माणूस असतं. तिथे या यंत्राची किंमत तीनशे रुपयांपेक्षा बरीच जास्त पडते.

‘पण इंग्रजी लवकर यावं म्हणून घेतला’ हे उत्तर ठरलेलं. त्यावर २००३ चा संशोधक पॅट्रिशिया कूल यांचा प्रयोग पुरेसा आहे. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांनी चिनी ध्वनी ओळखले. तेच बोलणं टीव्हीवरून किंवा नुसत्या आवाजातून ऐकणाऱ्या बाळांनी काहीच उचललं नाही. घरात मराठी, अंगणात गुजराती, नात्यागोत्यात हिंदी हे बडोद्याच्या मराठी मुलाचं रोजचं जगणं आहे आणि त्यानं बोलणं मागे पडत नाही. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांचे मिळून मोजावेत. २ वर्षांपर्यंत सर्व भाषांचे मिळून ५० शब्दही झाले नसतील, किंवा मूल दोन शब्द जोडत नसेल, तर दोष भाषांच्या गर्दीला देत बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत.

लॅपटॉप भेट म्हणून आलाच असेल तर स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावा, आवाज सुसह्य होतो. त्याहून बरं, सेल काढून ठेवा. मुका लॅपटॉप ३ वर्षांच्या मुलाच्या हातात दिला की ते ‘मीटिंग चालू आहे, मध्ये बोलू नका’ म्हणून घरच्यांची नक्कल करू लागतं, आणि या खेळात फेऱ्या भराभर वाढतात. सेल आत ठेवून खेळणं माळ्यावर टाकलं तर सेल पाझरतो, स्प्रिंग गंजते, मग ते उघडण्यात अर्थ नसतो. झाकणाच्या बिजागरीतली वायर ही त्याची दुसरी कमजोर जागा. आमचं मत: विकत घेऊ नये. खऱ्या मोबाइल-टॅबलेटबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सरळ सांगितलं आहे: २ वर्षांखाली स्क्रीन नको (नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल), २ ते ५ वर्षांत जास्तीत जास्त १ तास.

दुसरी वस्तू वॉकर. गोल प्लॅस्टिकचा, मध्ये कापडी झोळी, खाली ६-८ चाकं, पुढे वाजणाऱ्या बटणांचा ट्रे. ‘लवकर चालेल’ म्हणून घेतात आणि होतं उलटं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉकर वापरणारी बाळं बसायला, रांगायला, चालायला उशिरा लागली आणि बाळांची वाढ मोजणाऱ्या बेली चाचणीतल्या बौद्धिक भागातही त्यांचे गुण कमी आले. पुढचा ट्रे एवढा रुंद असतो की बाळाला स्वतःचे पाय दिसत नाहीत; वाकून जमिनीवरचं काही उचलता येत नाही; बोटांच्या टोकांवर ढकलत जायची सवय लागते. शिवाय पायऱ्यांचा धोका आहेच. कॅनडानं २००४ मध्ये याच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाला भेट म्हणून येतो.

बेली चाचणीचं नाव निघालं म्हणून सांगायला हवं: ही अमेरिकन चाचणी भारतीय बाळांना जशीच्या तशी लावू नये म्हणून तिचे इथले निकष बसवण्याचं काम बडोद्यातच झालं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांवर काम करून जी मोजपट्टी घडवली, ती पुढे ‘डासी’ या नावानं देशभर वापरात आली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत, हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी. त्या नुसत्या वाचल्या तरी या वयाचं बाळ काय करून शिकतं ते कळतं: वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेणं, लपवलेली वस्तू शोधणं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवणं. झोळीत लटकून यातलं काहीच होत नाही.

वॉकरऐवजी आपला लाकडी पांगुळगाडा घ्यावा. तीन चाकं आणि धरायचा आडवा दांडा, बस्स. मूल स्वतःच्या जोरावर उभं राहतं, ढकलतं, पडतं, पुन्हा धरतं. पन्नासेक किलोमीटरवर संखेडा आहे. तिथलं सागवानी, लाखेचं काम बडोद्याच्या दुकानांत मिळतं. घेताना तीन गोष्टी बघा. दांडा मुलाच्या छातीच्या उंचीला यावा. खांद्याला आला तर मूल लोंबकळतं. चाकांच्या खुंट्या हलवून बघा, सैल असतील तर चार दिवसांत चाक निघतं. आणि रंग कशाचा आहे ते विचारा, कारण मूल दांडा चाटणारच. चरकावर, म्हणजे लेथवर, फिरत्या लाकडाला लाखेची कांडी लावून चढवलेला रंग अंगचा असतो. वरून मारलेलं पॉलिश असेल तर नखानं खरवडल्यावर पापुद्रा निघतो. नव्या घरांत एक अडचण येते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर गाडा मुलाच्या पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडतं. उपाय सोपा: चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवा, आणि आसाजवळ १-२ किलो वाळूची पुरचुंडी घट्ट बांधा. पाय सावरले की वाळू काढायची.

लाकडी ठोकळ्यांबद्दल दुमत असण्याचं कारण नाही, फक्त चुकीचे घेतले जातात. अक्षरं-चित्रं छापलेले १०-१२ ठोकळे घेऊ नयेत. इतक्यात काही बांधून होत नाही, आणि चित्र दिसलं की मोठी माणसं ‘हे काय? हे काय?’ असं परीक्षा घ्यायला लागतात. साधे, न रंगवलेले, निदान ३० ते ४० नग असावेत आणि मापं एकमेकांच्या पटीत असावीत: एक चौकोनी, त्याच्या दुप्पट लांबीचा, त्याच्या चौपट. दोन छोटे मिळून एक मोठा होतो हे मुलाच्या हाताला कळतं, अपूर्णांकाचा धडा यायच्या कितीतरी आधी. सुतारानं कापून दिले तर आणखी स्वस्त. ४ सेंमीची पट्टी घ्या, ४, ८ आणि १६ सेंमीचे तुकडे करा, कडा १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) नको, थुंकीनं फुगतं. मापात २ मिलिमीटरचाही फरक पडला तर मनोरा तिसऱ्या मजल्यावर झुकतो आणि मूल चिडून उठून जातं. सुताराला हे आधीच सांगावं. खेळताना मोठ्यानं बांधून दाखवायचं नसतं. ‘याच्यावर’, ‘त्याच्या मागे’, ‘मधून बस जाईल का?’, ‘कुठला लांब?’ असं जागेचं बोलणं करायचं. जिगसॉचंही तसंच. २ ते ४ वर्षांच्या वयात जी मुलं घरी जिगसॉ खेळत होती, ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवून बघण्यात पुढे निघाली. ३ वर्षांच्या मुलाला ६ ते १२ तुकड्यांचं पुरे; २४ तुकड्यांचं ‘पुढेही चालेल’ म्हणून घेतलं की ते आई-बाबाच लावतात.

सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त काम करणारी वस्तू म्हणजे सापशिडी. अतिशयोक्ती वाटेल, पण पुरावा चांगला आहे. रामाणी आणि सीगलर या संशोधकांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या १२४ बालवाडीच्या मुलांसोबत १ ते १० आकड्यांचा सरळ रेषेतला पट खेळला. १५-२० मिनिटांचे ४ डाव, २ आठवड्यांत. मोजणं, आकडा ओळखणं, कोणता मोठा ते सांगणं, सगळं सुधारलं, आणि ९ आठवड्यांनंतरही टिकलं. आकड्यांऐवजी नुसत्या रंगांचा पट खेळलेल्यांना हा फायदा झाला नाही. मात्र खेळायची एक रीत आहे. सोंगटी ५ वर आहे आणि ३ पडले, तर मुलानं ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं नाही; घरातले आकडे वाचत ‘सहा, सात, आठ’ म्हणत सरकायचं. ‘एक, दोन, तीन’ म्हणत गेलं की शिकणं जवळजवळ थांबतं. दुसरं, बाजारच्या १०० घरांच्या पटावर प्रत्येक ओळ उलट दिशेला वळते. ५ वर्षांखालच्या मुलाचा तिथे गोंधळ होतो: १० नंतर ११ वरच्या ओळीत, आणि तिथून डावीकडे! म्हणून आधी कार्डबोर्डवर १ ते १० चा सरळ पट्टा आखा, घरं सारख्या मापाची, ५-५ सेंमीची. फाशाऐवजी चिंचोके घासून एक बाजू पांढरी करा. दोन चिंचोके टाकायचे, पांढरे पडतील तितकी घरं. महिनाभरानं १ ते २० चा पट्टा, आणि मोठी सापशिडी त्यानंतर. आजी-आजोबांना या खेळात बसवायला विनवण्या कराव्या लागत नाहीत, हा आणखी एक फायदा.

फ्लॅशकार्ड सौम्यपणे वापरली तर निरुपद्रवी. सटासट दाखवून नाव वदवून घेण्याची पद्धत टाकाऊ. तीच कार्डं ‘पाण्यात राहणारे इकडे, झाडावरचे तिकडे’ अशी वाटायला दिली की निदान बोलायला काहीतरी मिळतं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांबद्दल एकच वाक्य: मूल पट्टीखालून, नाकाच्या कडेच्या फटीतून बघतं.

पुस्तकांत बडोद्याच्या मराठी पालकांची पंचाईत होते. गुजराती आणि इंग्रजी चित्रपुस्तकं कुठेही मिळतात. मराठी चांगली हवी तर पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे आणि तिथे मराठी पुस्तकंही आहेत, पण रोज उशाशी हवं असतं ते घरचंच पुस्तक. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. पीडीएफ उतरवून घ्या, एका पानावर एकच चित्र येईल असं छापा आणि मोठ्या टाक्यानं शिवा. वाचताना मजकूर पूर्ण करायची घाई नको. मूल पान उलटं धरून तिसऱ्यांदा त्याच कुत्र्यावर बोट ठेवत असेल तर गोष्ट कुत्र्याचीच आहे असं समजावं. ‘कोणत्या रंगाचा?’ यापेक्षा ‘हा इथे का बसला असेल?’ हा प्रश्न बरा, आणि विचारल्यावर ५ सेकंद गप्प राहणं सर्वांत कठीण. पुस्तक गुजराती असलं तरी चित्र बघून मराठीत सांगायला काहीच हरकत नाही.

इथे एक आडवळण गरजेचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमध्ये ६ ते ५९ महिन्यांच्या जवळजवळ ८० टक्के मुलांत रक्ताल्पता आढळली. लोह कमी असलेलं मूल चटकन थकतं, लक्ष टिकत नाही, नवी वस्तू हाताळायला पुढे येत नाही. अशा मुलापुढे कितीही महाग ठोकळे ठेवले तरी ते मांडीवरून उतरत नाही. सरकारी योजनेत या वयाला आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप फुकट असतं, आशा कार्यकर्तीकडे किंवा अंगणवाडीत विचारा. दुधावरच पोट भरणाऱ्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांशी आधी हे बोलावं, खेळण्यांचं नंतर.

ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही त्यांच्यासाठी जमैकातला प्रयोग आहे. १९८०च्या दशकात तिथे वाढ खुंटलेल्या, ९ ते २४ महिन्यांच्या १२९ मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात, २ वर्षं. रिकाम्या बाटल्या, खोकी यांपासून केलेली खेळणी नेत आणि आईला मुलाशी कसं खेळायचं ते दाखवत. ही मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा भेटी न मिळालेल्यांपेक्षा त्यांची कमाई २५ टक्के जास्त होती. आपल्या स्वयंपाकघरात एकात एक बसणाऱ्या वाट्या, वेगवेगळ्या झाकणांचे डबे, पोह्याच्या चाळण्या, गाळणी हे सगळं आहेच. तीन डबे आणि तीन झाकणं दिली की १८ महिन्यांचं मूल अर्धा तास गुंततं, मात्र शेजारी कोणीतरी ‘बसलं का? नाही बसत? दुसरं बघू’ म्हणणारं हवं.

काही घेणारच असाल तर दुकानाच्या काउंटरवर एवढं बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. हातगाडीवरच्या मालावर ती बहुधा नसते, तेव्हा तिथून घेतलंच तर लाकूड आणि कापड घ्या, रंगीत प्लॅस्टिक नको. ३ वर्षांखालच्या मुलासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल असा कोणताही भाग नसावा. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येतो. लोहचुंबकाचे सुटे मणी घेऊच नका. आणि गाणारं, चमकणारं काहीही असो, सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते स्वतः उघडून पाहा. नुसत्या खटक्याच्या झाकणामागे चपटा बटण सेल असेल तर ते खेळणं परत द्या. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत ती भाजून काढतो, आणि मूल सुरुवातीला नुसती लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. गिळल्याची शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठायचं.